पिक्चर बंद, म्युझिक चालू

मागच्या अंकात मी विचारलं होतं की सिनेमाचं पार्श्वसंगीत, म्हणजे गाणी सोडून जे काही वाजत असतं ते सगळं, तुम्ही सिनेमा न बघता नुसतं ऐकता का, आणि ऐकत असाल तर कुठलं, कधी, कसं ऐकता. उत्तरं भरभरून आली, काहींनी आवडत्या अल्बमची नावं पाठवली, काहींनी अडचणी लिहिल्या आणि काहींनी सरळ भांडणच काढलं, तेही मला आवडलं. सगळ्यांना इथे जागा नाही, त्यामुळे एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न: ताई, थिएटरमध्ये म्युझिक ऐकून अंगावर काटा येतो, पण घरी येऊन तोच अल्बम लावला की पाच मिनिटांत मन भरकटतं. माझ्या कानातच काही कमी आहे का? सुरुवात कुठून करू?

कानात काही कमी नाही हो. हे संगीत चित्राच्या मापाने कापलेलं असतं, हे आधी लक्षात घ्या. दिग्दर्शक आणि कंपोझर सिनेमा बघत बघत ठरवतात की म्युझिक इथे सुरू होणार, इथे थांबणार, मग तो तुकडा सेकंद मोजून लिहिला जातो, कुणी बोलायला लागलं की वाद्यं खाली बसतात, दार उघडलं की सूर बदलतो. चित्र काढून घेतलं की आपल्याला वाटतं हे मधेच का थांबलं, मधेच का वळलं, आणि तिथेच लक्ष सुटतं.

म्हणून सुरुवात अशा ठिकाणाहून करा जिथे चित्र संगीतासाठी बाजूला सरकलंय. माझ्या मते सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे 1982 च्या 'ई.टी.'चा शेवट. सायकलींचा पाठलाग, उड्डाण आणि निरोप, असं जवळपास पंधरा मिनिटांचं सलग संगीत आहे. जॉन विल्यम्स रेकॉर्डिंग करत होते पण चित्राशी वेळ जुळवताना संगीताचा जीव जात होता, तेव्हा स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्र बंद करायला सांगितलं, म्हणाला तुम्ही कॉन्सर्टमध्ये वाजवता तसं मोकळं वाजवा, आणि नंतर सिनेमाच त्या संगीताप्रमाणे कापला. ते ऐकताना कळतं, वाक्य कुठेही तुटत नाही, श्वास पूर्ण घेतला जातो.

दुसरं, 1968 चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. एन्निओ मोरिकोनेचं संगीत शूटिंगच्या आधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं, नटांची चाल आणि कॅमेऱ्याचा वेग त्या सुरांवर ठरला. तिसरं अगदी अलीकडचं, 2019 चा 'जोकर'. हिल्दुर गुडनाडोटिरने नुसती पटकथा वाचून चेलोवर काम सुरू केलं आणि बाथरूममधला तो संथ नाच सेटवर तिचं संगीत लावून झाला. या तिन्हींमध्ये सूर आधी आलाय, त्यामुळे चित्राशिवाय ऐकताना रिकामी जागा जाणवत नाही. एका वेळी एकच घ्या आणि तो आठवडाभर पुन्हा पुन्हा लावा, रोज नवीन अल्बम उघडू नका, ओळख व्हायला वेळ लागतोच.

प्रश्न: सिनेमात ज्या तुकड्यासाठी मी वेडी झाले तो अल्बममध्ये सापडतच नाही, आणि सापडला तरी वेगळाच वाजतो. माझी फसवणूक होतेय असं वाटतं. असं का करतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. एका सिनेमाचा स्कोअर, म्हणजे त्याचं सगळं पार्श्वसंगीत, बहुतेक वेळा एकच नसतो. सिनेमात वाजतं ते एक रूप, अल्बमवर येतं ते दुसरं, आणि पुढे कधीतरी वेगळाच ऑर्केस्ट्रा नव्याने वाजवतो ते तिसरं. आपण कुठलं ऐकतोय हे माहीत नसेल तर आवडनिवडच चुकीच्या पायावर उभी राहते. मी तर म्हणेन कंपोझर कोण आहे याइतकंच रेकॉर्डिंग कुठलं आहे ते महत्त्वाचं.

'जॉज' घ्या, 1975 चा. त्या वर्षी जी रेकॉर्ड बाजारात आली ती विल्यम्सने अल्बमसाठी वेगळी वाजवून घेतली होती, तुकडे थोडे लांबवून, ऐकायला गोळीबंद करून. सिनेमातलं मूळ रेकॉर्डिंग लोकांच्या हाती पडलं 2000 साली. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, रेकॉर्डवरचं संगीत जास्त सुडौल आहे, सिनेमातलं जास्त क्रूर. मला क्रूर आवडतं, पण सुडौल आवडणाऱ्यांशी माझं वैर नाही.

'एलियन'ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जेरी गोल्डस्मिथने 1979 मध्ये सुरुवातीच्या टायटलला एक रोमँटिक, दूरवर बघणारी धून लिहिली होती, ती दिग्दर्शकाला नको होती म्हणून त्याने दुसरी, थंडगार, तुटक अशी लिहून दिली. एडिटिंगमध्ये त्याचे तुकडे इकडचे तिकडे झाले, काही ठिकाणी तर त्याच्याच जुन्या सिनेमाचं संगीत वापरलं गेलं. तेव्हाच्या अल्बमवर मात्र त्याने आपली मूळ धून ठेवली. सगळं एकत्र, सिनेमातलंही आणि न वापरलेलंही, 2007 मध्ये आलं. ते ऐकताना कंपोझरच्या मनातला सिनेमा आणि पडद्यावरचा सिनेमा असे दोन सिनेमे शेजारी शेजारी ऐकू येतात, माझ्यासाठी या छंदातला सगळ्यात मोठा आनंद हाच.

'ब्लेड रनर'वाल्यांनी तर बारा वर्षं वाट पाहिली. सिनेमा 1982 चा, वांगेलिसचा स्वतःचा अल्बम 1994 मध्ये आला, मधल्या काळात दुसऱ्याच ऑर्केस्ट्राने वाजवलेली नक्कल ऐकून लोक तहान भागवत होते. त्या 1994 च्या अल्बममध्येही सिनेमातले संवाद संगीतात मिसळलेत, काहींना ते खटकतं, मला ते बरं वाटतं कारण त्यामुळे तो अल्बम स्वतःच एक गोष्ट सांगतो.

आणि 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एडिटिंग करताना दिग्दर्शक कामचलाऊ म्हणून कुठलंतरी तयार संगीत लावून ठेवतात, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. या सिनेमाचा दिग्दर्शक कुब्रिक याने शास्त्रीय संगीत लावलं होतं आणि शेवटी तेच कायम केलं. अ‍ॅलेक्स नॉर्थने या सिनेमासाठी स्कोअर लिहिला, रेकॉर्ड केला, आणि त्यातलं काहीच घेतलेलं नाही हे त्याला प्रीमियरला सिनेमा बघताना समजलं. 1991 मध्ये नॉर्थ गेला. त्यानंतर 1993 मध्ये त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ याने ऑर्केस्ट्रा घेऊन तो स्कोअर नव्याने वाजवला आणि प्रसिद्ध केला. हे संगीत कुणीही कधी सिनेमात ऐकलेलं नाही, तरी ते सिनेमाचंच संगीत आहे, आणि फार सुंदर आहे.

तर फसवणूक नाही ती. अल्बम उघडलात की आधी रेकॉर्डिंगचं वर्ष, ऑर्केस्ट्राचं नाव आणि कंडक्टर बघा. सिनेमाचं वर्ष आणि रेकॉर्डिंगचं वर्ष यात बरंच अंतर दिसलं आणि कंडक्टर दुसराच असला तर समजा हे नंतरचं आहे. 'कम्प्लीट' किंवा 'एक्सपांडेड' लिहिलेलं असेल तर बहुधा तुमचा हरवलेला तुकडा तिथे असतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाचा मूळ अल्बम साधारण सव्वा तासाचा, आणि 2005 मध्ये आलेलं संपूर्ण रेकॉर्डिंग तीन तासांचं, म्हणजे बघा किती बाहेर राहिलं होतं. फक्त एक, संपूर्ण म्हणजे नेहमी चांगलं असं समजू नका, वीस वीस सेकंदांचे तुकडे एकामागे एक ऐकून दमायला होतं, आणि कंपोझरने स्वतः निवडून रचलेल्या चाळीस मिनिटांत पुष्कळदा जास्त विचार असतो.

प्रश्न: हेडफोन चांगला की स्पीकर? आणि मोबाइलवर ऐकलं तर चालेल का?

चालेल. हेडफोनवर बारीक गोष्टी कळतात, वादकाने घेतलेला श्वास, गजाची खरखर. स्पीकरवर खालचे सूर छातीला लागतात, 'इंटरस्टेलर'चा ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमध्ये रेकॉर्ड झालाय, त्यातली ती चर्चची हवा खोलीभर पसरायला स्पीकरच हवा. पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शफल बंद करा, दोन ट्रॅकमध्ये गॅप पडणार नाही असं सेटिंग ठेवा, आणि अ‍ॅप जर सगळ्या ट्रॅकचा आवाज एकसारखा करत असेल तर तेही बंद करा, नाहीतर कुजबुज आणि गर्जना एकाच पट्टीत येतात. हळू भागात आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरा, पुढे ऑर्केस्ट्रा अंगावर येणार असतो आणि कान एकदाच मिळतात.

प्रश्न: मी सोळा वर्षांची आहे. सगळे म्हणतात अमक्या पात्राची थीम ऐक, तमक्या पात्राची थीम ऐक, पण मला ती ओळखूच येत नाही. ऐकायला कसं शिकू?

तू विचारलंस ते फार छान केलंस, कारण हे शिकता येतं आणि पटकन येतं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची मुख्य धून तुला माहीत असणार, 1966 ची, ती कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी नावाच्या प्राण्याच्या ओरडण्यासारखी सुरू होते. दोनच सुरांमध्ये झपाझप झोके घेणारी छोटीशी हाक, बस. आता ऐक, ती हाक कोण देतंय. एकदा बासरी देते, एकदा ओकारिना, म्हणजे मातीचं पोटफुगीर फुंकवाद्य, तिचा आवाज जरा पोकळ आणि जाडसर येतो, आणि एकदा माणसाचे गळे देतात. बासरी म्हणजे 'गुड', ओकारिना म्हणजे 'बॅड', गळे म्हणजे 'अग्ली'. हाक एकच, माणसं तीन. सिनेमा बघताना डोळे मिटून बसलीस तरी कोण आलंय ते सांगू शकशील.

एवढं जमलं की पुढची पायरी, एकच थीम सिनेमाभर कशी बदलते ते बघ. 'जॉज'चे ते दोन सूर, खाली, चेलो आणि बासवर. आधी सावकाश, मधे मोकळी जागा सोडून, मग जागा कमी कमी होत जाते, मग जागाच उरत नाही. शार्क दिसत नाही तरी ती किती लांब आहे ते तुला कळतं, कारण वेग म्हणजेच अंतर. आणि त्याच सिनेमात दोन मुलं खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात ना, तिथे ती थीम वाजतच नाही. म्हणजे संगीत तुला खरं सांगतंय, पडद्यावर काहीही दिसो. कागद-पेन घे, ऐकताना नुसतं लिही की कुठलं वाद्य, वेग काय, आवाज चढतोय की उतरतोय. रागांची किंवा स्वरलिपीची माहिती नसली तरी काही अडत नाही.

प्रश्न: माफ करा पण आजकालच्या सिनेमांत धून कुठे असते? नुसती घरघर आणि धडामधुडूम. पूर्वीच्या स्कोअरसारखं एकही गुणगुणता येत नाही. याला संगीत का म्हणायचं?

तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. टेम्प ट्रॅकच्या सवयीमुळे बरेच सिनेमे एकमेकांसारखे वाजायला लागलेत, गेल्या वर्षीच्या हिट सिनेमाचं संगीत लावून एडिट करायचं आणि मग कंपोझरला सांगायचं असंच काहीतरी दे, यातून नवीन कसं काय निघणार. पण गुणगुणता येत नाही म्हणून ते संगीत नाही, हे मी मानणार नाही. 1956 च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'चा स्कोअर लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवून केला होता, त्यात गुणगुणण्यासारखं काही नव्हतं, तेव्हाही लोकांनी हेच विचारलं असणार.

'डंकर्क' ऐका, 2017 चा, हान्स झिमर. त्यात एक युक्ती आहे तिला शेपर्ड टोन म्हणतात. एकच सूर वेगवेगळ्या सप्तकांत एकाच वेळी चढत जातो, वरच्या सप्तकातला हळूच विरतो आणि त्याच वेळी खालच्या सप्तकातला हळूच शिरतो, त्यामुळे कानाला वाटतं की सूर चढतोय, चढतोय, चढतच चाललाय आणि पोहोचत कुठेच नाही. त्यावर घड्याळाची टिकटिक, ती दिग्दर्शक नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची रेकॉर्ड केलेली. किनाऱ्यावर अडकलेल्या माणसाची घालमेल यापेक्षा नेमकी कुठली धून सांगू शकली असती, मला तरी सुचत नाही. किंवा 'चेर्नोबिल' मालिकेचं संगीत, पुन्हा हिल्दुर, ती लिथुआनियातल्या एका बंद अणुवीज प्रकल्पात जाऊन आली आणि तिथले दरवाजे, पंप, खोल्यांचा घुमारा यातून सगळा स्कोअर उभा केला. रात्री एकटं ऐकू नका एवढंच सांगते.

एक विनंती, असं संगीत एकदा तरी घरात बसून, दुसरं काही न करता ऐका. बाहेरच्या गोंगाटात ते खरोखरच घरघर वाटतं.

प्रश्न: सगळे हॉलिवूडचंच बोलतात. आपल्याकडे हिंदी-मराठीत नुसतं ऐकण्यासारखं पार्श्वसंगीत आहे का? आणि असेल तर मिळत का नाही?

आहे, आणि किती आहे! मिळत नाही याचं कारण सरळ आहे, आपल्याकडे विकली गेली ती गाणी. 'शोले'चे तर संवाद रेकॉर्डवर निघाले आणि धडाक्यात खपले, पण नुसता स्कोअर म्हणून रेकॉर्ड काढायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवत जाते, तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलाय, आर. डी. बर्मनच्या ग्रुपमधले. एक शब्द नाही त्या प्रसंगात, दोघांमध्ये जे काही आहे ते सगळं त्या छोट्याशा धुनेत आहे.

गाणी नसलेले हिंदी सिनेमे शोधा, तिथे स्कोअर उघडा सापडतो. 1960 चा 'कानून' आणि 1969 चा 'इत्तेफाक', दोन्हींत एकही गाणं नाही आणि दोन्हींचं संगीत सलील चौधरींचं. वनराज भाटियांना विसरू नका, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आलेला माणूस, 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इळैयाराजांचं काम ऐकायचं तर भाषेची अडचण मानू नका, 2009 च्या सिनेमांपासून राष्ट्रीय पुरस्कारात गाण्यांना आणि पार्श्वसंगीताला पुन्हा वेगवेगळा मान द्यायला लागले आणि त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार त्यांनाच मिळाला, 'पळसी राजा'साठी. रेहमानची 'बॉम्बे'ची थीम तर बासरीवर नवीनकुमार, ती पुढे 'फायर'मध्येही वाजली आणि परदेशी सिनेमांतही, मूळ सिनेमा न बघितलेल्या लोकांनाही ती पाठ आहे.

मराठीत म्हणाल तर 'फँड्री'. संगीत अलोकनंदा दासगुप्तांचं, कमी वाद्यं आणि भरपूर मोकळी जागा, त्या पोराच्या मनातली ओढ आणि अपमान दोन्ही न ओरडता सांगितलेत. 'सैराट'ची गाणी सगळ्यांना पाठ आहेत पण त्यासाठी अजय-अतुलनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता, एकदा गायक विसरून फक्त मागची तंतुवाद्यं ऐका. 'तुंबाड' तसा हिंदी, त्याचा स्कोअर येस्पर कीड याने केलाय, हा व्हिडिओ गेमच्या संगीतातला मोठा माणूस, पावसाइतकंच ओलं आणि जड संगीत आहे ते.

पण एकच सांगायचं झालं तर मी 'पथेर पांचाली'चं नाव घेईन. 1955, रविशंकर, सगळं रेकॉर्डिंग एका रात्रीत झालं, अकरा तासांच्या आसपास. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्बजया ती साडी तोंडाशी धरते, कोसळते, तिचं तोंड उघडं दिसतं पण तिचा आवाज येत नाही, त्या जागी तारशहनाई किंचाळते. तारशहनाई म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, त्याला कर्णा जोडलेला असतो. सत्यजित राय यांनी आईचं रडणं काढून टाकलं आणि वाद्याला रडू दिलं. मी हे कितीही वेळा ऐकलं तरी पुढचा ट्रॅक लगेच लावू शकत नाही.

अल्बम मिळत नसेल तर सरळ सिनेमा लावा आणि स्क्रीनकडे पाठ करून बसा. डायलॉग येतील, पावलं वाजतील, असू दे, संगीत कुठे शिरतं आणि कुठे बाहेर पडतं ते उलट जास्त चांगलं कळतं.

प्रश्न: अभ्यास करताना किंवा काम करताना स्कोअर लावला तर चालेल ना?

लावा की, शब्द नसल्यामुळे वाचताना अडथळा कमी होतो. पण त्यासाठी वेगळे अल्बम ठेवा, आणि जे खरोखर आवडतात ते त्या कामाला वापरू नका. रोज हिशोब करताना लावलेलं संगीत काही महिन्यांनी हिशोबासारखंच वाटायला लागतं.

तुमच्या आवडी

आता तुम्ही पाठवलेल्या आवडींतल्या काही. एका काकांनी लिहिलंय की ते 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' दिवे मालवून ऐकतात, कारण थिएटरमध्येही सुरुवातीचं संगीत काळ्या पडद्यावरच वाजायचं. काका, तुमची पद्धत अगदी बरोबर, मोरिस जारचे ते ढोल अंधारातच ऐकावेत.

रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सताईंनी लिहिलंय की घरी परतताना त्या 'स्पिरिटेड अवे'च्या सुरुवातीचा पियानो लावतात, जपानी कंपोझर जो हिसाइशी याचा, आणि बाकी काही ऐकवत नाही त्या वेळी. मी समजू शकते. हिसाइशीची कामाची पद्धत तुम्हाला आवडेल बघा, दिग्दर्शक मियाझाकीच्या सिनेमांसाठी तो बऱ्याचदा चित्रं पूर्ण व्हायच्या आधीच कल्पनेवर एक 'इमेज अल्बम' करतो आणि मग त्यातून सिनेमाचा स्कोअर वाढतो. ते इमेज अल्बमही मिळवून ऐका.

वडील गेल्यापासून 'सिनेमा पॅराडिसो' ऐकू शकत नाही असं एका वाचकाने लिहिलंय, कारण तो सिनेमा दोघांनी मिळून बघितला होता. घाई करू नका. त्यातली प्रेमाची थीम मोरिकोनेच्या मुलाने, आंद्रेआने, लिहिलीय हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, बाप-लेकाची नावं त्या अल्बमवर एकत्र आहेत. तुम्हाला हवं तेव्हा ते संगीत तिथेच असेल.

एकाने विचारलंय की हिचकॉकचा कंपोझर बर्नार्ड हर्मन याचा कुठला स्कोअर पहिला ऐकू. 'सायको', 1960. फक्त तंतुवाद्यं, ना ढोल, ना पिपाणी. हिचकॉकला बाथरूममधल्या खुनावर संगीतच नको होतं, हर्मनने तरी लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. ऐकताना एक बघा, बाकी सगळ्या स्कोअरमध्ये वाद्यांवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी चिमटी, लावलेलं आहे, आवाज दबका, घुसमटलेला, आणि त्या एका प्रसंगात म्यूट काढलेलं. म्हणून ते व्हायोलिन इतके उघडे आणि धारदार वाटतात. त्यानंतर मग त्याचा शेवटचा, 'टॅक्सी ड्रायव्हर', संथ सॅक्सोफोनचा. 1975 च्या डिसेंबरमध्ये त्याचं रेकॉर्डिंग संपवून हर्मन झोपायला गेला तो उठलाच नाही.

प्रश्न: सिनेमा बघायच्या आधी स्कोअर ऐकावा की नंतर?

मी नंतर म्हणेन, त्याचं एक अगदी व्यावहारिक कारण म्हणजे ट्रॅकची नावं. 1999 मध्ये 'स्टार वॉर्स'चा 'द फँटम मेनेस' यायच्या दोनेक आठवडे आधी अल्बम आला आणि त्यावर एका मुख्य पात्राच्या अंत्ययात्रेचं नाव सरळ छापलेलं होतं. तरी आधी ऐकायची हौस असेल तर नावांकडे न बघता लावा, आणि सिनेमा बघितल्यावर पुन्हा ऐका, मनात रचलेली दृश्यं आणि खरी दृश्यं यांची टक्कर बघायला मजा येते.

प्रश्न: आम्ही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा जमून एकत्र स्कोअर ऐकायचं ठरवतोय. काय पथ्यं पाळावीत?

फार छान! पहिल्या वेळी एकच अल्बम घ्या, चाळीस मिनिटांच्या वर नको, आणि तो निवडणारा एकच जण असू दे, बाकीच्यांना सिनेमाचं नाव सांगू नका. चालू असताना बोलायचं नाही, मोबाइल पालथे. संपल्यावर प्रत्येकाने सांगायचं की काय दिसलं, दिवस होता की रात्र, माणसं किती, कुणी पळत होतं का. मग नाव फोडा. ज्याचं चित्र सिनेमापेक्षा वेगळं निघालं त्याला जास्त वेळ द्या, त्याने कुठला सूर धरला होता ते विचारा, आणि तेवढा तुकडा पुन्हा लावा. पहिल्यांदासाठी 'द थर्ड मॅन' सुचवते, 1949, अंतोन कारासने एकट्याने झिथर या तंतुवाद्यावर वाजवलेलं. एकच वाद्य असल्यामुळे नवख्यालाही धरून ठेवता येतं, आणि इतक्या आनंदी वाटणाऱ्या तारांवर इतका काळोखा सिनेमा उभा आहे हे कुणालाही ओळखता येत नाही.

काय झालं ते कळवा. बाकीच्यांनीही पुढच्या अंकासाठी आपापला एक तुकडा पाठवा, सिनेमाचं नाव, ट्रॅकचं नाव आणि रेकॉर्डिंगचं वर्ष न विसरता लिहा, म्हणजे मीही तेच ऐकेन जे तुम्ही ऐकताय.